विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांचे देहान्त प्रायश्चित्त

विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांचे देहान्त प्रायश्चित्त ही संत ज्ञानेश्वर यांच्या चरित्रपरंपरेतील एक महत्त्वाची घटना मानली जाते. विठ्ठलपंत कुलकर्णी हे मूळचे गोदावरीकाठच्या आपेगावचे (सध्याचा पैठण तालुका, छत्रपती संभाजीनगर जिल्हा). संन्यास घेतल्यानंतर गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. या कारणावरून आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना व त्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकले. मुलांना समाजात स्थान मिळावे यासाठी पतिपत्नींनी देहत्याग केला, असे परंपरा सांगते. त्यानंतर निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही चार भावंडे शुद्धिपत्र मिळवण्यासाठी पैठणला गेली.

एका व्यक्तीच्या मरणाने दुसऱ्याचे पाप फिटते काय, हा धर्मशास्त्रातील जुना प्रश्न या कथेत केंद्रस्थानी आहे. आईवडिलांच्या मरणानंतरही मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले आणि तेथील निर्णयात भर मरणावर न राहता भक्तीवर दिला गेला. त्यामुळे महाराष्ट्रातील प्रायश्चित्तविषयक चर्चेत या कथेचा उल्लेख वारंवार होतो.

पार्श्वभूमी

विठ्ठलपंतांचे घराणे आपेगावचे कुलकर्णीपद सांभाळणारे होते. त्यांच्या वडिलांचे नाव गोविंदपंत व आईचे नाव निराई असे सांगितले जाते. या घराण्याचा नाथपंथाशी संबंध होता. पूर्वज त्र्यंबकपंत यांना गोरक्षनाथांचा, तर गोविंदपंत व निराई यांना गहिनीनाथांचा अनुग्रह झाल्याची परंपरा आहे.

तीर्थयात्रा करीत विठ्ठलपंत आळंदीला आले. तेथील सिधोपंत कुलकर्णी यांनी आपली कन्या रुक्मिणी हिचा विवाह त्यांच्याशी लावून दिला. विठ्ठलपंतांची वृत्ती पहिल्यापासून विरक्त होती. पुढे त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. त्यांच्या गुरूचे नाव निरनिराळ्या चरित्रांत वेगवेगळे आढळते. रामानंद, श्रीपादस्वामी आणि नृसिंहाश्रम ही नावे त्यांत येतात. संन्यासाश्रमातील त्यांचे नाव चैतन्याश्रम होते, असे सांगितले जाते.

गुरू तीर्थयात्रेच्या निमित्ताने आळंदीला आले असता रुक्मिणीबाईंनी त्यांना नमस्कार केला. गुरूंनी तिला पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. तिचा पती संन्यासी झाला असून तो आपलाच शिष्य आहे, हे कळल्यावर त्यांनी विठ्ठलपंतांना परत गृहस्थाश्रमात जाण्याची आज्ञा केली. अशा रीतीने विठ्ठलपंतांपुढे गुरूची आज्ञा आणि आश्रमधर्माचा नियम यांचा विरोध उभा राहिला. त्यांनी गुरूची आज्ञा पाळली. समाजाने मात्र त्यांना 'आरूढपतित', म्हणजे वरच्या आश्रमावर चढून खाली पडलेला, असे ठरवले.

प्रचलित परंपरेनुसार निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ (इ.स. १२७३), ज्ञानदेवांचा शके ११९७ (१२७५), सोपानदेवांचा शके ११९९ (१२७७) आणि मुक्ताबाईंचा शके १२०१ (१२७९) मध्ये झाला. दुसऱ्या एका परंपरेत ही वर्षे अनुक्रमे शके ११९०, ११९३, ११९६ आणि ११९९ अशी दिली जातात. मुले 'संन्याशाची पोरे' म्हणून हिणवली गेली. मुंजीचे वय झाले तरी मुलांची मुंज करण्यास कोणी तयार झाले नाही.

देहत्याग

मुलांच्या मुंजीसाठी कोणतेही प्रायश्चित्त घेण्याची तयारी विठ्ठलपंतांनी आळंदीच्या ब्रह्मवृंदापुढे दाखवली. ग्रंथ पाहून ब्राह्मणांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पतिपत्नींनी ते मान्य केले आणि मुलांना मागे ठेवून घर सोडले.

देहत्याग कोठे झाला याबद्दल कथनांत एकवाक्यता नाही. सर्वाधिक प्रचलित कथनानुसार दोघांनी प्रयाग येथे त्रिवेणीसंगमात देह ठेवला. काही कथनांत आळंदीच्या इंद्रायणी नदीचा उल्लेख येतो, तर काहींत केवळ विठ्ठलपंतांनी गंगेत देह ठेवल्याचे म्हटले आहे. तीर्थक्षेत्री, विशेषतः प्रयागला, स्वेच्छेने केलेला देहत्याग पुण्यप्रद असल्याची समजूत पुराणवाङ्मयात आढळते. प्रयागचे कथन अधिक रूढ होण्यामागे हेही एक कारण असावे.

पैठणचे शुद्धिपत्र

आईवडिलांच्या मरणानंतर मुलांचा प्रश्न सुटला नाही. आळंदीच्या ब्राह्मणांनी त्यांना पैठणच्या विद्वानांकडून शुद्धिपत्र आणण्यास सांगितले. पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, हे सातवाहनांच्या राजधानीचे नगर होते आणि यादवकाळात धर्मनिर्णयाचे प्रमुख पीठ मानले जात असे. यादवांची राजधानी देवगिरी (दौलताबाद) तेथून फार दूर नव्हती. त्या वेळी रामचंद्रदेव यादव राज्य करीत होता, आणि 'चतुर्वर्गचिंतामणि' या धर्मशास्त्रावरील विस्तृत ग्रंथाचा कर्ता हेमाद्री त्याच्या दरबारी होता.

परंपरेनुसार पैठणच्या सभेने प्रथम असा निर्णय दिला की, अशा संततीच्या शुद्धीसाठी शास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेले नाही. एकच मार्ग शिल्लक आहे. तो म्हणजे अनन्य भक्ती, पश्चात्ताप आणि सर्व भूतमात्रांच्या ठिकाणी एकच ब्रह्म पाहून त्यांना वंदन करणे. भावंडांनी हा निर्णय आनंदाने स्वीकारला. त्यांनी आजन्म ब्रह्मचर्य पाळावे, म्हणजे वंश पुढे वाढणार नाही, अशीही अट या निर्णयाशी जोडली जाते.

रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची प्रसिद्ध आख्यायिका याच निर्णयाच्या पुढची आहे. सर्वांत एकच आत्मा आहे असे तुम्ही म्हणता, तर हा रेडाही तुमच्यासारखाच काय, असे सभेतील कोणी विचारले. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवताच तो वेद म्हणू लागला, अशी ही कथा आहे. या प्रसंगाचे स्थान म्हणून पैठणचा नागघाट दाखवला जातो. यानंतर मिळालेल्या शुद्धिपत्राचे वर्ष शके १२०९ (१२८७) सांगितले जाते व ते बोपदेवाच्या नावाशी जोडले जाते. प्रचलित जन्मवर्षे धरल्यास त्या वेळी निवृत्तिनाथ सुमारे १४, ज्ञानदेव १२, सोपानदेव १० आणि मुक्ताबाई ८ वर्षांच्या होत्या.

पैठणहून भावंडे नेवासे येथे गेली. तेथे शके १२१२ (१२९०) मध्ये 'भावार्थदीपिका' म्हणजेच 'ज्ञानेश्वरी' पूर्ण झाली. शके १२१८ (१२९६) मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला संजीवन समाधी घेतली.

धर्मशास्त्रातील स्थान

प्रायश्चित्त हा धर्मशास्त्राच्या प्रमुख विषयांपैकी एक आहे. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय यांत त्याचे विस्तृत विवेचन आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या विषयाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. विठ्ठलपंतांच्या प्रसंगाच्या संदर्भात पुढील मुद्दे महत्त्वाचे ठरतात.

मरणान्तिक प्रायश्चित्त. महापातकांसाठी मरणाने संपणारे प्रायश्चित्त स्मृतींनी सांगितले आहे. परंतु तेथे मरणारा आणि पाप करणारा एकच असतो. त्या मरणाने त्याचे स्वतःचे पाप फिटते. दुसऱ्याच्या शुद्धीसाठी मरण पत्करण्याचा विधी म्हणून त्याची रचना नाही.

कलिवर्ज्य. कलियुगात वर्ज्य मानलेल्या आचारांच्या याद्या मध्ययुगीन निबंधकारांनी दिल्या आहेत. ब्राह्मणांना मरणान्तिक प्रायश्चित्त सांगणे याचा समावेश या वर्ज्य आचारांत होतो. हे मत प्रमाण मानल्यास आळंदीचा निर्णय त्या काळच्या शास्त्राच्या दृष्टीनेही वादग्रस्त ठरतो.

कर्माची वैयक्तिकता. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात प्राणी एकटाच जन्मतो, एकटाच मरतो आणि आपल्या पुण्यपापाचे फळ एकटाच भोगतो असे म्हटले आहे. त्याच अध्यायात अधर्माचे फळ कर्त्याला मिळाले नाही तर मुलांना, आणि मुलांना नाही तर नातवंडांना मिळते असेही वचन आहे. या दोन विचारांतील ताण शास्त्रग्रंथांनी पूर्णपणे सोडवलेला दिसत नाही. विठ्ठलपंतांच्या मुलांवर आलेला दोष दुसऱ्या विचाराच्या आधारे आलेला होता.

दुसऱ्यासाठी प्रायश्चित्त. पाच ते अकरा वर्षे वयाच्या मुलाचे प्रायश्चित्त त्याच्या वतीने वडीलधाऱ्याने किंवा आप्ताने करावे, आणि त्याहून लहान मुलाला अपराधही नाही व पापही नाही, असे स्मृतिवचन आहे. म्हणजे दुसऱ्यासाठी प्रायश्चित्त करण्याची कल्पना शास्त्राला अपरिचित नव्हती. मात्र ती व्रत, उपवास यांसारख्या आचरणापुरती होती. प्राण देण्यापर्यंत ती ताणलेली नव्हती.

पुराणे व इतिहासग्रंथ यांत मात्र एकाच्या तपाने वा त्यागाने दुसऱ्याचे भले झाल्याच्या कथा आहेत. भगीरथाच्या तपामुळे सगरपुत्रांचा उद्धार झाला. दधीची ऋषींनी देवांच्या रक्षणासाठी आपल्या अस्थी दिल्या. महाभारतात स्वर्गातून पडणाऱ्या ययातीला त्याचे दौहित्र आपले पुण्य देऊ करतात. याउलट ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाच्या आख्यानात, दुसऱ्याच्या बदली बळी जाण्यासाठी विकत घेतलेल्या मुलाला देव सोडवतात. बदली मरण तेथे पूर्ण होत नाही.

कथेचे अर्थ

या कथेकडे पाहण्याच्या तीन प्रमुख दृष्टी आढळतात.

पहिली दृष्टी भक्तिपर आहे. तीनुसार आईवडिलांचे मरण हा अपत्यांसाठी केलेला सर्वोच्च त्याग होय, आणि भावंडांचे पुढील कार्य हे त्या त्यागाचे फळ होय. कीर्तन व प्रवचनांत हा अर्थ अधिक मांडला जातो. सर्व घटना ईश्वरी योजनेतील होत्या, असेही काही चरित्रकार मानतात.

दुसरी दृष्टी शास्त्रार्थाची आहे. मरणानंतरही शुद्धिपत्र आवश्यक ठरले, याचा अर्थ मरणाने मुलांचा दोष गेला असे निर्णय देणाऱ्यांनीही मानले नाही. पैठणच्या सभेने सांगितलेला उपाय मुलांच्या स्वतःच्या आचरणाशी निगडित होता. या वाचनानुसार कथा बदली प्रायश्चित्ताचे समर्थन करीत नाही. तिचा निष्कर्ष असा निघतो की, शुद्धी दुसऱ्याच्या मरणातून हस्तांतरित होत नसून स्वतःच्या भक्तीतून येते.

तिसरी दृष्टी समाजसुधारणेची आहे. मुलांनी कोणतेही पाप केलेले नव्हते आणि विठ्ठलपंतांनीही गुरूची आज्ञा पाळली होती. मग प्रायश्चित्त नेमके कशाचे, असा प्रश्न आधुनिक काळात विचारला गेला. या अर्थाने पाप समाजाच्या निर्दयतेत होते आणि मरण निर्दोष माणसांच्या वाट्याला आले. प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत ज्ञानेश्वर' (१९४०, दिग्दर्शक विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल) या चित्रपटामुळे भावंडांच्या छळाची कथा मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचली.

'ज्ञानेश्वरी'च्या शेवटी असलेल्या पसायदानात दुष्टांचा नाश न मागता त्यांच्या मनातील वाकडेपणा जावा अशी प्रार्थना आहे. अनेक भाष्यकार तिचा संबंध भावंडांच्या या अनुभवाशी जोडतात.

ऐतिहासिक साधने

या घटनेचा समकालीन शिलालेख वा राजकीय दस्तऐवज उपलब्ध नाही. मुख्य आधार संतवाङ्मयाचा आहे. नामदेवांच्या नावावरील 'आदि' प्रकरणाच्या अभंगांत भावंडांचे पूर्वचरित्र येते. महिपती (१७१५–१७९०) यांच्या 'भक्तविजय' (१७६२) या ग्रंथामुळे कथेला आजचे प्रचलित रूप मिळाले. महिपतींचा काळ ज्ञानेश्वरांनंतर सुमारे साडेचारशे वर्षांचा आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

'ज्ञानेश्वरी'त गुरुपरंपरा, नेवासे हे स्थान, रामचंद्रदेव यादव आणि लेखक सच्चिदानंदबाबा यांचे उल्लेख आहेत. परंतु आईवडिलांच्या मरणाचा किंवा बहिष्काराचा उल्लेख नाही. शुद्धिपत्राच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने आपेगावचे ज्ञानेश्वर आणि आळंदीचे ज्ञानेश्वर या दोन वेगळ्या व्यक्ती असल्याचे मत मांडले. या मतावर मोठा वाद झाला. पुढील बहुसंख्य अभ्यासकांनी ते स्वीकारले नाही.

इतर परंपरांतील समांतर विचार

बौद्ध. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांत बोधिसत्त्वाच्या आत्मत्यागाच्या जातककथा चित्रित आहेत. लेणे क्र. १७ मधील महाकपी जातकात वानरराजा आपल्या शरीराचा पूल करून कळपाला वाचवतो. छद्दंत जातक लेणे क्र. १० व १७ मध्ये आहे. येथे त्याग करुणेतून होतो व त्याने बोधिसत्त्वाची पारमिता पूर्ण होते. दुसऱ्याचे पाप त्याने धुतले जाते असा दावा नाही. मात्र अजिंठ्याच्या दानलेखांत दानाचे पुण्य आईवडिलांना व सर्व प्राणिमात्रांना मिळावे अशी इच्छा व्यक्त केलेली आढळते. म्हणजे पुण्याचे अर्पण मान्य होते.

जैन. वेरूळच्या लेणे क्र. ३० ते ३४ या समूहाच्या रूपाने या भागात जैन परंपरा ठळकपणे दिसते. जैन मतानुसार कर्माची निर्जरा ज्याची त्यालाच करावी लागते. सल्लेखनेचे मरणही मरणाऱ्याच्या स्वतःच्या आत्मशुद्धीसाठी असते.

यहुदी. नीतिमान माणसाच्या मरणाने प्रायश्चित्त घडते, हे मत तालमूदच्या 'मोएद कातान' या भागात येते. मोशेची बहीण मिर्यम हिच्या मृत्यूचा वृत्तान्त शुद्धीसाठी वापरल्या जाणाऱ्या तांबड्या गाईच्या नियमाशेजारी का दिला आहे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. दुसरीकडे यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही असे स्पष्ट सांगितले आहे. यहुदी भाष्यकारांनी पहिल्या वचनाचा अर्थ बहुधा असा लावला की, सज्जनाच्या मृत्यूने लोक हळहळून पश्चात्तापाकडे वळतात. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाज याच धर्मपरंपरेतील आहे.

ख्रिस्ती. येशूचे क्रुसावरील मरण हे सर्व मानवांच्या पापांसाठी झाले, हा ख्रिस्ती धर्माचा मूलभूत सिद्धान्त आहे. मराठीत तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराण' (१६१६) या ओवीबद्ध ग्रंथातून प्रथम विस्ताराने आला. मराठी बायबलमध्ये या कल्पनेसाठी 'प्रायश्चित्त' हाच शब्द वापरला गेला. त्यामुळे कर्त्याने स्वतः करावयाचे आचरण, हा शब्दाचा मूळ अर्थ, आणि दुसऱ्याने आपल्यासाठी भरलेले मोल, हा नवा अर्थ, असे दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दात नांदू लागले.

इस्लाम. कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, असे कुराणात एकाहून अधिक ठिकाणी म्हटले आहे. इ.स. ६८० मध्ये करबला येथे झालेल्या इमाम हुसैन यांच्या हौतात्म्याला शिया परंपरेत विशेष स्थान आहे. तेथे पापाचा भार स्वतःकडे घेण्यापेक्षा परमेश्वराजवळ मध्यस्थी करणे, म्हणजे शफाअत, या कल्पनेवर भर असतो.

आधुनिक महाराष्ट्रातील पडसाद

दुसऱ्यासाठी प्रायश्चित्त घेण्याचा प्रश्न आधुनिक काळातही उपस्थित झाला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून जे ग्रामण्य झाले, त्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, आपण दोषी आहोत असे वाटत नसतानाही, अडचणीत आलेल्या मित्रांसाठी प्रायश्चित्त घेतले. या निर्णयावर सुधारकांनी टीका केली. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात या प्रसंगाचे वर्णन आहे.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे यासाठी प्राणांतिक उपोषण केले. सवर्ण समाजाच्या पापाबद्दल एका सत्प्रवृत्त माणसाने आपला प्राण पणाला लावला, असे या उपोषणाचे स्वरूप होते. मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर ते संपले. विठ्ठलपंतांच्या प्रसंगाशी तुलना करता येथे एक फरक दिसतो. तेथे समाजाने निर्दोषांकडून मरण मागितले, तर येथे निर्दोष माणसाने आपल्या यातनेतून समाजाकडे आचरणातील बदल मागितला.

स्मृतिस्थळे

आपेगाव येथे ज्ञानेश्वरांचे मंदिर असून हे गाव त्यांचे जन्मस्थान मानले जाते. काही परंपरा हा मान आळंदीला देतात. पैठण शहर छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ५० किमी अंतरावर आहे. तेथील नागघाटावर रेड्याच्या प्रसंगाची स्मृती जपली आहे. या रेड्याची समाधी पुणे जिल्ह्यातील आळे (तालुका जुन्नर) येथे दाखवली जाते.

पैठणचेच संत एकनाथ (१५३३–१५९९) यांनी शके १५०६ (१५८४) मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची शुद्ध प्रत सिद्ध केली. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढल्यामुळे त्यांनाही ब्राह्मणांच्या रोषाला तोंड द्यावे लागले, अशी आख्यायिका आहे. ज्या नगरीने ज्ञानेश्वरांकडे शुद्धीचा पुरावा मागितला, त्याच नगरीत सुमारे तीनशे वर्षांनी त्यांच्या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार झाली.

हेही पाहा

संत ज्ञानेश्वर
निवृत्तिनाथ
मुक्ताबाई
आपेगाव
पैठण
प्रायश्चित्त
कलिवर्ज्य
पसायदान
ख्रिस्तपुराण
अजिंठा लेणी